आई त्या दिवशी एकटीच होती

सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या घरात ‘पास’ हा शब्द हळू आवाजात बोलायची पद्धत होती. बाबांचा नोकरीचा पास, म्हणजे तिथे राहून काम करायची सरकारी परवानगी, त्याच्या आधारावर आईचा आणि माझा पास, आणि त्या प्लॅस्टिकच्या कार्डांच्या आधारावर ते भाड्याचं घर, माझी शाळा, आईचा ओटा आणि ओट्यावरचा पुण्याहून आणलेला मिक्सर. संध्याकाळी बाबा पाया लेबारच्या ऑफिसातून आले की आई दारातच त्यांचा चेहरा बघायची. तोंडानं काही विचारायची नाही. बाबा बूट काढता काढता नुसती मान हलवायचे, म्हणजे अजून काही कळलेलं नाही, आणि मग कुकरची शिट्टी होईपर्यंत घरात कोणी काही बोलायचं नाही. पासच्या नूतनीकरणाचा अर्ज गेला होता, उत्तर येत नव्हतं, आणि बाबांच्या टीममधल्या दोघांना नकार आलेला होता. मी तेव्हा लांब पायांची, तोंडाळ, शाळकरी मुलगी. तरी त्या दिवसांत मीसुद्धा दप्तर जमिनीवर आपटायचं सोडून हळूच ठेवायला लागले होते. दप्तराचा आणि पासचा काय संबंध, ते आज मला सांगता यायचं नाही. पण तेव्हा तो होता खरा.

आई मुळातली भित्री नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल. पुण्यात तिनं सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या वेळेवरून भर सभेत गप्प केलेलं मी पाहिलं होतं. सिंगापूरला आल्यावर मात्र तिनं भीती नेमानं अंगी बाणवली, एखादीनं उपास धरावा तशी. बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी खालच्या चिनी आजींच्या चादरीवर टपकलं तर त्या तक्रार करणार, तक्रार झाली की नोंद होणार, नोंद झाली की पास जाणार. रात्री मिक्सर लावला तर पास जाणार. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, खाण्यापिण्याला बंदी; मी पाण्याची बाटली उघडली तर आईच्याच घशाला कोरड पडायची. “अगं, ठेव ती आत! कॅमेरे आहेत!” मी म्हणायचे, “आई, वॉटर ओन्ली, लाह, कोणी काही म्हणत नाही.” त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, “म्हणत नाहीत, नुसतं लिहून ठेवतात.” कोण लिहून ठेवतं, कुठे, ते तिला माहीत नव्हतं. शेजारच्या घरातून माहजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्यांचा खळखळाट दुपारभर यायचा, खाली रद्दीवाला भोंगा वाजवत फिरायचा, कोकिळा तर असल्या कर्कश, की पहाटे कोणीतरी गळा काढून रडतंय असं वाटावं. सगळं बेट मोठ्यानं आवाज करत होतं आणि आमच्याच घरात सगळे चवड्यांवर चालत होते.

या भीतीत तिची एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल आई आमच्याशी कधी बोलली नाही. पुण्यात आई रोज सकाळी फिरायला जायची ती प्लॅस्टिकची पिशवी आणि फांदी ओढायची एक आकडी घेऊन. आमच्याकडच्या निम्म्या बायका तशाच निघायच्या. कुंपणाच्या बाहेर आलेली फांदी रस्त्याची, आणि रस्त्यावरचं फूल देवाचं, असा त्यांचा कायदा होता. तगर, कण्हेर, जास्वंद, कोणाची म्हणून नाही. ज्यांच्या बागेतली फुलं जायची त्या बायकाही पुढच्या गल्लीत पिशवी घेऊन हिंडत असायच्या, त्यामुळे तक्रारीला कोणाला तोंड नव्हतं. सिंगापूरला फुलांनी लगडलेले रस्ते, आणि आई हात मागे बांधून चालायची. आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या पायथ्याशी, चाफा होता. त्याचं खाली पडलेलं फूल ती उचलायची, तेही आधी इकडेतिकडे बघून. बाकी देवाला फ्रिजमधली फुलं, लिटल इंडियातून आठवड्याला आणलेली. आठवड्याच्या शेवटी झेंडू काळा पडायचा. “थंडगार, शिळी फुलं वाहते मी,” एकदा ती देव्हाऱ्यासमोर पुटपुटली. “कसा ऐकेल तो?” मला हसू आलं होतं. तिला नव्हतं आलं.

त्या वर्षी पाऊस लांबला. सिंगापूरला पाऊस लांबणं म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. हिरवळी तपकिरी झाल्या, हवा कोंदली, आणि पुलाव उबिनवर, म्हणजे चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोटीनं जायचं जे लहानसं बेट आहे त्यावर, जुन्या दगडखाणीच्या उतारावरचं गवत पेटलं. आग काही फार मोठी नव्हती. मग एकदाचा पाऊस पडला, आणि गायकवाड काका आमच्याकडे पोह्यांना आले ते हीच बातमी घेऊन. काका साताऱ्याचे, इथे संशोधन करायचे, एकटे राहायचे, आणि दर शनिवार-रविवारी कुठल्यातरी रानात जाऊन यायचे. त्यांच्या बोलण्यात सह्याद्री असा यायचा जसा दुसऱ्यांच्या बोलण्यात सासुरवाडी येते. “वहिनी, वणवा लागून गेल्यावर कातळावर काय फुलतं, हे तुम्हाला मी सांगायचं का? चला उद्या! दिवसभर हिंडू, संध्याकाळी घरी.” आई म्हणाली, “नको हो. सोमवारी ह्यांचं उत्तर येईल म्हणतात. आता कुठे कडमडायला जायचं?” काका म्हणाले, “घरात बसून पास लवकर येतो का?” बाबा कधी नव्हे ते पटकन बोलले. “जाऊ या. मला घरात श्वास घेता येत नाहीये.” आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि दशम्यांसाठी पीठ काढायला उठली.

बाबांच्या कंपनीच्या कुठल्याशा फॅमिली डेला मिळालेल्या पिवळ्याधमक टोप्या घरात होत्या. उन्हाला बऱ्या म्हणून आम्ही चौघांनी त्याच घातल्या. हे लक्षात असू द्या.

बोटीत डिझेलचा वास, पाय ठेवला की फळ्या हलणार, आणि आई दोन्ही हातांनी पिशवी धरून बसलेली. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी आणि तिघांचे पास, रबरबँड लावून. बेटावर उतरल्यावर वस्तीतल्या सायकलींच्या दुकानांवरून पुढे गेलो, नारळाची झाडं मागे पडली आणि खाणीची वाट लागली. खाणीत आता हिरवं पाणी साठलं आहे, आणि भोवती उभे गुलाबी-करडे कातळ. काकांनी त्यावर हात थोपटला. “आपल्याकडचा काळा, हा गोरा. बाकी स्वभाव तोच.” वाटेत दोन रानडुकरं आडवी आली आणि निघून गेली. आईनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मला लाज वाटत होती आणि घामही आला होता. काका आरोळ्या ठोकत पुढे, बाबा दर दोन मिनिटांनी फोन बघत मधे, आणि मागे आम्ही दोघी, अशी ती सहल.

वळण घेऊन वर आलो आणि तो उतार दिसला. मी आजवर पुष्कळ ठिकाणी पुष्कळ फुलं पाहिली, आता गुडघ्यांनी परवानगी दिली की अजूनही बघते, पण तसं काही पाहिलं नाही. सगळी जमीन काळी. झुडपांचे जळके सोट उभे. आणि त्या काळ्यावर गवताचे पांढरे तुरे, असे दाट की कापूस पिंजून टाकलाय. तिथे त्या गवताला लालांग म्हणतात, जळालं की आधी तेच फुलून येतं. कातळांच्या फटींतून जांभळी फुलं, मोठाल्या पाच पाकळ्यांची, मधे पिवळे केसर. जळक्या बुंध्यातूनच पुन्हा फुटलेली. राखेचा वास अजून होता. आई माझं मनगट सोडून पुढे झाली आणि म्हणाली, “अगंबाई.” दोन वर्षांत तिचा तो जुना, पुण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. घाईनं काढताना तो राखेत पडता पडता वाचला. मेसेज होता: मलेशियात आपले स्वागत आहे. खाडीपलीकडे मलेशियाचं जोहोर समोरच दिसत होतं, त्या बाजूचा टॉवर जवळ, एवढंच. पण आईचं धाबं दणाणलं. “म्हणजे आपण बाहेर गेलो? देशाच्या? अर्ज आत आणि आपण बाहेर? आता परत घेतील का आपल्याला?” काका कातळावर बसून पोट धरून हसायला लागले. बाबांनी तिला समजावलं, नेटवर्कचं आहे, आपण उबिनवरच आहोत. पण समजावताना त्यांनी स्वतः एकदा मागे वळून धक्क्याच्या दिशेनं बघितलं, ते मी पाहिलं. “मेलं ते रानच नको,” आई म्हणाली. मग आम्ही एका सपाट दगडावर दशम्या खाल्ल्या. तिनं एकही खाल्ली नाही. तिची नजर जांभळ्या फुलांवर होती.

डबे आवरून आम्ही पुढे निघालो, आणि वीसेक पावलांवर मला जाणवलं की आई मागेच आहे. वळून बघते तर ती वाटेची दोरी ओलांडून कातळापाशी गेलेली, पदर खोचावा तशी ओढणी खोचलेली, आणि भराभर फुलं खुडतेय. त्या हातांना सवय होती. देठाला नख लावायचं, फूल न चुरगळता ओंजळीत. तिचे ओठ हलत होते. ती काय मागत होती, ते मला इतक्या लांबूनही कळलं. आमच्या घरात दुसरं मागण्यासारखं काही नव्हतंच.

“आंटी! हॅलो, आंटी! फ्लॉवर कॅनॉट टेक, हां!”

खालच्या वाटेनं हिरव्या शर्टातला एक माणूस येत होता. वयानं बाबांपेक्षा मोठा, मलय, कमरेला वॉकीटॉकी, छातीवर बिल्ला. सरकारी पार्कचा माणूस. आई वळली. तिचा चेहरा त्या गवताच्या तुऱ्यांसारखा पांढरा पडला होता, आणि ओंजळ तशीच पुढे.

“सॉरी,” आई म्हणाली. “सॉरी, सर. गॉड. फॉर गॉड.”

“आय नो, आंटी. बट कॅनॉट.” त्यानं आमच्या दिशेनं हात केला. “यू विथ दॅट ग्रुप?”

आईनं आमच्याकडे बघितलं. आधी बाबांकडे, मग माझ्याकडे. ती माझ्याकडे जितका वेळ बघत होती तेवढ्यात मी “आई” म्हणून हाक मारणारच होते.

“नो,” ती म्हणाली. “नॉट माय. आय अलोन.”

“अलोन?”

“येस. अलोन. मॉर्निंग वॉक.”

बोटीत बसून, बेटावर येऊन, टळटळीत दुपारी मॉर्निंग वॉक. डोक्यावर आमच्यासारखीच पिवळीधमक टोपी. माझं तोंड उघडलं होतं, पण बाबांनी दंड असा आवळला की आवाज फुटला नाही. काका आकाशात नसलेला पक्षी बघायला लागले. मला रडू आवरेना. आईनं माझ्याकडे बघून मला ओळखत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि का सांगितलं तेही मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त रडू येत होतं. लिहून ठेवायचं तर माझं एकटीचं नाव लिही, या तिघांना मधे घेऊ नकोस, असं तिचं गणित होतं.

त्या माणसानं वॉकीटॉकी तोंडाशी नेली आणि मलयमध्ये काहीतरी बोलला. पलीकडून खरखर आली. त्या खरखरीत आमची शाळा, घर, बाबांची नोकरी सगळं अडकलंय असं मला वाटलं. मग त्यानं ती परत कमरेला लावली, आणि जवळच्या कातळाकडे बोट केलं. “फ्लॉवर पुट देअर, आंटी. नेक्स्ट टाइम डोन्ट. ओके?”

आई कातळाकडे गेली. नुसती टाकून दिली असती तरी चाललं असतं. पण तिनं ओंजळीतलं एकेक फूल घेऊन, देठ खाली, तोंड वर, अशी ती सगळी त्या दगडावर वाहिली, आणि सवयीनं हात जोडून डोळे मिटले. तो माणूस दुसरीकडे बघत उभा राहिला. तिचं होईपर्यंत थांबला.

“हिअर आफ्टर फायर नॉट सेफ वन,” तो मग म्हणाला. “ब्रांच कॅन ड्रॉप. यू वॉकिंग अलोन, आय वरी. यू सी दॅट फॅमिली? येलो कॅप?” त्यानं तिच्या टोपीकडे बघितलं, मग आमच्या टोप्यांकडे, आणि चेहऱ्यावरची एक रेष न हलवता म्हणाला, “यू फॉलो देम. स्टे क्लोज, आंटी. व्हेरी क्लोज.”

“थँक्यू, सर,” आई म्हणाली. ती टोपीचं विसरूनच गेली होती.

मला वाटलं आता संपलं. कसलं संपतंय! वळण ओलांडल्यावर मी तिच्याकडे धावले तर ती दातओठ खाऊन म्हणाली, “पुढे हो! बघतोय तो!” तो केव्हाच गेला होता. पण आई धक्क्यापर्यंत आमच्या मागे अंतर ठेवून चालली. मी बाबांना विचारलं, “तुम्ही का नाही बोललात? माझी बायको आहे म्हणून?” बाबा म्हणाले, “बोललो असतो तर ती खोटी ठरली असती. युनिफॉर्मवाल्याशी खोटं बोलणं फुलांपेक्षा मोठं पडतं, बाळा.” थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, “तिचा पास माझ्याच पासला जोडलेला आहे. तिच्या कार्डाचा नंबर नुसता टाकला असता तरी आपण तिघं पडद्यावर एकत्र आलो असतो. हे तिला सांगू नकोस.” मी सांगितलं नाही, कधीच.

बोटीत ती समोरच्या टोकाला बसली. चांगीला उतरून हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, आम्ही चहा घेतला तर ती शेजारच्या टेबलावर, एकटी. काका तिच्यापुढे कप ठेवत म्हणाले, “आंटी, युवर टी,” आणि ती म्हणाली, “थँक्यू, ब्रदर.” काकांना हसू फुटत होतं, पण आई चहाला हात न लावता कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत होती, ते पाहून त्यांनी हसू गिळलं. बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागे. काका वाटेतच उतरले. आमच्या ब्लॉकखाली तर हद्द झाली, लिफ्टमध्ये कॅमेरा म्हणून ती आमच्याबरोबर चढलीच नाही. “तुम्ही व्हा. मी पुढच्यानं येते.” आम्ही वर आलो, बाबांनी कुलूप काढलं, आणि आम्ही दोघं बुटांसकट आत उभे राहिलो. पलीकडे सोंगट्या खळखळत होत्या. मग बेल वाजली.

बाबांनी दार उघडलं. आई टोपी हातात घेऊन उभी. बाबा अगदी गंभीरपणे म्हणाले, “कोण हवंय आपल्याला?”

आईला हसू आलं. खरोखरचं, पुण्यातलं. आणि हसता हसता ती उंबऱ्यातच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. “मी हिच्या तोंडावर ‘नॉट माय’ म्हणाले हो. हिच्याकडे बघून म्हणाले. कशी वळली माझी जीभ!” मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं, एवढी घोडी झालेली मी. तिच्या बोटांना राखेचा वास येत होता. दार सताड उघडं होतं आणि आमचा आवाज सगळ्या कॉरिडॉरमध्ये जात होता. त्या दिवशी तिनं दार लावून घे म्हटलं नाही.

सोमवारी उत्तर आलं. नकार होता. फुलांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, बाबांच्या टीममधले आणखी काही जण त्याच आठवड्यात नाकारले गेले. बाबांनी तिला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “असेल.” पुढे कित्येक वर्षं पुण्यात, आकडी घेऊन फिरायला जायला निघाली की ती क्षणभर फाटकात थांबायची. कशाला थांबतेस, असं मी विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

सिंगापूरहून निघायच्या दिवशी गायकवाड काका विमानतळावर पोचवायला आले, डोळे पुसत आणि विनोद करत. आत पासपोर्ट तपासायच्या काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती, युनिफॉर्ममधली. रांगेत आई सगळ्यात पुढे. मुलीनं तिचा पासपोर्ट घेतला, पडद्यावर बघितलं आणि सहज विचारलं, “ट्रॅव्हलिंग अलोन, मॅडम?”

आईनं मागे बघितलं. मग पिवळी रेघ ओलांडून मागे आली, एका हातानं बाबांची बाही धरली, दुसऱ्यानं माझं मनगट, आणि आम्हाला ओढत काउंटरपाशी घेऊन गेली. “नो,” ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या रांगेतले लोक वळले. “नॉट अलोन. माय हजबंड. माय डॉटर. ऑल माय.”

“मॅडम, वन बाय वन, प्लीज,” मुलगी म्हणाली. “स्टँड बिहाइंड द लाइन.”

वर कॅमेरा होता. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि आमचे हात सोडले नाहीत.